डाळिंबावरचा डाग

बाबांच्या तेराव्याला दादानं माझ्या पानात तिसरी जिलेबी वाढली आणि खिशातून हक्कसोडपत्र काढलं.

"सही कर, चिमे. घर माझ्या नावावर झालं की तुझं माहेर कायमचं."

वहिनीनं एका हातानं डोळ्यांना पदर लावला, दुसऱ्यानं पेनचं टोपण काढून दिलं.

बाबांनी हयात डाळिंबाच्या तेल्या रोगावरच्या संशोधनात घालवली. ते सांगत, "हे जंतू पेशीचं दार फोडत नाहीत. बाहेरूनच आपली प्रथिनं आत पाठवतात. ती पेशीला पटवतात, आम्ही घरचेच. मग पेशी धोक्याची घंटा बंद करते आणि आपणहून त्यांना साखर वाढते."

"आणि ज्या झाडाला लबाडी कळते, ते?" मी एकदा विचारलं होतं.

"ते तेवढी पेशी मारून टाकतं. पानावर डाग राहतो, झाड वाचतं."

मी कागद घडी घालून परत दिला. "घर दोघांचं राहू दे, दादा."

"मग माहेर विसर," म्हणत त्यानं माझ्या पानातली जिलेबी उचलली. वहिनीचे कोरडे डोळे पदराबाहेर आले.

मी उरलेला वरणभात सावकाश संपवला. केळीच्या पानावर पाकाचा डाग तेवढा राहिला.