ग्रेडर चालवणारं माणूस

एका निवृत्त फिटरला जुने ट्रॅक्टर जमवायचा नाद होता. यंदा त्याने रस्ते सपाट करणारं एक गंजलेलं ग्रेडर घरी आणलं. इंजिन सुरू झालं, पण खालचं पातं काही केल्या सरळ बसेना. बायको म्हणाली, "ते चालवणारं माणूस शोधा, नाहीतर द्या भंगारात."

विचारत विचारत तो एका म्हाताऱ्याच्या दारात पोहोचला. "रस्त्याच्या कामावरचं ते ग्रेडर चालवायचे ते तुम्हीच ना, काका?"

म्हातारा खळखळून हसला. "मी नुसता पुढे दगड वेचत जायचो. चालवायची ही!"

काकू हात पुसत बाहेर आल्या. फिटरने ओशाळून पात्याचं दुखणं सांगितलं.

"असं सांगून नाही यायचं तुम्हाला," काकू म्हणाल्या. "मला त्याच्यावर बसूनच आठवेल. सुरू होतं ना अजून?"

"होतं की!"

काकूंनी लगेच पायात चपला सरकवल्या.

"अगं, तुझे गुडघे!" म्हातारा घाबरून म्हणाला. "डॉक्टरांनी बसून राहायला सांगितलंय ना?"

"मग बसायलाच तर चाललेय," काकू म्हणाल्या आणि फिटरच्या आधी फाटकाबाहेर पडल्या.