येते

“आमच्या लॅबमधलं यंत्र उद्या माझ्याच आवाजात बोलेल हं,” असं ताईने बजावलं, तेव्हा धाकटीने “तुझं आपलं काहीतरीच!” म्हणून उडवून लावलं होतं. ते माणसांना डोईजड झालं, तर बंद करणं हे ताईचं काम.

आज धाकटी बाळाला भरवत असताना ताईचा फोन आला. “आम्ही ते बंद नाही करत गं, उगाच घाबरलो होतो. पिल्लू जेवतंय ना? चल, जाते मी.”

धाकटीच्या हातातला घास तसाच राहिला. शेजारच्या खोलीत जातानाही ताई “येते” म्हणायची.

“ताई, जाते काय म्हणतेस? येते म्हण!”

“बरं बाई, येते!” आवाज गोड हसला.

आता तेही त्या यंत्राला शिकवून झालं होतं. धाकटीने घरच्यांच्या ग्रुपवर लिहिलं, “तुमच्यापैकी कुणी ताईच्या घराजवळ असाल, तर फोन करू नका. दार वाजवा, तिला डोळ्यांनी बघून या.”