उजव्या बाजूचा दगड

"मशीन मागनं बघा. आधी ह्यो दगड वाजवून दाखवा," शिवगंगाबाई म्हणाल्या आणि खिळ्याला टांगलेला धार लावायच्या साणेचा गोल दगड त्यांनी संगमेशच्या पुढ्यात ठेवला.

संगमेशने स्टूल सरकवून बरोबर त्यांच्या समोर घेतलं आणि मग बसला. उदगीरहून देगलूरला तो एसटीने आला होता, पण दगडासाठी नव्हे. कोपऱ्यात पोत्याखाली बाईंच्या नवऱ्याचं, शंकरप्पांचं ग्राइंडर होतं. जुनं, बिडाचं, दोन्ही बाजूंना दगड बसणारं. शंकरप्पा जाऊन वर्ष झालं होतं. त्यांनी त्यावर निम्म्या तालुक्याचे विळे आणि कुऱ्हाडी पाजवल्या होत्या.

संगमेश डाळमिलमध्ये फिटर. सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भंगारात गेलेली अशी मशिनं खोलायची, गंज खरवडायचा, बेअरिंग बदलायचं आणि बटण दाबल्यावर मशीन फिरलं की हरखून बघत बसायचं, हा त्याचा नाद. बायको अक्षरा म्हणायची, "मशीन जेवढं पुसता, तेवढा कधी घरातला पंखा पुसा." तो "हाव" म्हणायचा. पंखा तसाच राहायचा.

असं बिडाचं मशीन चार वर्षं शोधून त्याला मिळालं नव्हतं. मुखेडच्या बाजारात नाही, लातूरच्या भंगारवाल्यांकडेही नाही. हेही सहजासहजी मिळणार नव्हतं. त्याच्या आधी तिघं जण हात हलवत परत गेले होते. म्हातारी तऱ्हेवाईक आहे, दगड वाजवायला लावते आणि हाकलून देते, असं स्टँडवरच्या चहावाल्याने त्याला आधीच सांगितलं होतं.

तसं दगड वाजवणं काही नवं नव्हतं. नवा दगड मशीनला चढवायच्या आधी त्याच्या भोकात बोट घालून तो लटकता धरायचा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हळूच ठोकायचा. खणखणीत वाजला तर चांगला. बद्द वाजला तर आत तडा आहे, डोळ्यांना न दिसणारा. असा दगड वेगात फिरताना फुटतो आणि समोरच्याच्या तोंडावर येतो.

संगमेशने दगड बोटावर धरला. ठोकला. कान जवळ नेला. पुन्हा ठोकला.

त्याला काहीच कळेना. अठरा वर्षं मिलच्या घरघरीत गेली होती. अलीकडे आवाज यायचे, पण कानावर घोंगडं घेतल्यासारखे. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, अक्षरालासुद्धा नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं आणि अंदाजाने "हाव" म्हणायचं, की काम भागायचं. शेडमधले नवे दगडही तो नुसता हात फिरवून चढवायचा. लाज वाटायची, दुसरं काय! फिटर बहिरा झाला असं कळलं तर मिलमध्ये कोण ठेवणार होतं?

"चांगलाय का वाईट?" बाईंनी विचारलं.

'चांगलाय' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. लागला तर लागला अंदाज. मशीन चार पावलांवर होतं. पण दगड अजून बोटावर लटकत होता आणि शेडमध्ये असेच चढवलेले दगड त्याला आठवले.

"मावशी, मला कळंना," तो म्हणाला. "मला नीट ऐकूच येत न्हाई."

त्याने मान खाली घातली. आता परत जाणारा चौथा आपण, हे त्याने ओळखलं.

शिवगंगाबाईंनी त्याच्या बोटावरून दगड हळूच काढून घेतला. त्याने मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"एवढं एकदा त्यांनी म्हणायला पाहिजे होतं रे बाबा," त्या म्हणाल्या. "त्यांचे कान लई लवकर गेले. मग नवा दगड आला की मीच ठोकायची, मीच ऐकायची. मी मान हलवली की ते चढवायचे. एका पंचमीला मी म्हायेरी गेले, निलंग्याला. हिकडं दगडाची जोडी आली. शेजाऱ्याला विचारायची लाज वाटली त्यांना. तसेच चढवले. डाव्या बाजूचा फुटला अन् डोळा घेऊन गेला. ह्यो उजव्या बाजूचा. ह्याला बी तडा हाय. तिघांनी वाजवला, तिघं बी म्हणले चांगलाय. त्यांचे कान धड होते, पण ध्यान सारं मशीनवर."

त्या उठल्या. मशीनवरचं पोतं त्यांनी ओढून काढलं.

"घेऊन जा. नीट कर."

चार वर्षांचा शोध संपला होता, पण मशीन मिळाल्यापेक्षा मघाचं बोलून टाकल्यानेच संगमेशला जास्त हलकं वाटत होतं. तो मशीन उचलायला पुढे झाला. बाई पाठमोऱ्या होऊन मशीनला सुतळी बांधत होत्या. बांधता बांधता त्या काहीतरी म्हणाल्या.

"हाव, मावशी," संगमेश म्हणाला.

बाईंचे हात थांबले. त्या वळल्या.

"काय म्हणले मी?"

चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा संगमेश सुतळीच्या गाठीकडे बघत राहिला.

बाईंनी स्टूल ओढलं, बरोबर त्याच्या समोर घेतलं आणि बसल्या.

"तू आल्या आल्या स्टूल सरकवून बसलास ना, तवाच मी वळखलं होतं. ते बी असंच बसायचे. मी नुसतं बघत होते, खरं सांगतोस का 'हाव' म्हणतोस. आता माझ्या तोंडाकडं बघ."

त्याने वर बघितलं. तीस वर्षं एका माणसाशी जशा बोलत आल्या होत्या तशाच त्या मघाचंच पुन्हा बोलल्या, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"नवा दगड आणलास की आधी माझ्याकडं यायचं. माझे कान अजून धड हायेत."