ओकुमुराबाईंच्या तीन खेपा

“त्या तीन खेपा काढून टाक आणि खाली लिही, हाताळणीतली चूक,” हिराइवा सर म्हणाले आणि चहाकडे वळले.

नागासेला प्रबंध सोमवारी द्यायचा होता. यीस्टच्या पेशींना पन्नास अंशांचा चटका दिला तर किती मरतील, किती तगतील, हे आधीच सांगणारं समीकरण त्याने चार वर्षं खपून बांधलं होतं. चाळीसपैकी सदतीस खेपांत ते तंतोतंत उतरलं. उरलेल्या तीन खेपांतल्या पेशी मात्र मरायलाच तयार नव्हत्या. आंघोळ करून आल्यासारख्या टवटवीत बाहेर आल्या.

हाताळणी म्हणजे ओकुमुराबाई. कानाझावाच्या त्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्या पेशी वाढवत होत्या आणि मार्चअखेर निवृत्त होणार होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या एका बशीला बुरशी लागली नव्हती. गरम पाण्यात सोडण्याआधी त्या पेशींना ‘त्रास देते हं’ म्हणायच्या. पोरं हसायची, आणि स्वतःचे प्रयोग फसले की त्यांच्याकडेच धावायची. अशा बाईंच्या नावाला जाता जाता डाग लावायचा? नागासेच्या अगदी जिवावर आलं.

मग त्याने समीकरण उलटं चालवलं. एरवी तो सुरुवात सांगायचा आणि समीकरण शेवट सांगायचं. आता त्याने शेवट सांगितला आणि सुरुवात विचारली. इतक्या पेशी जगल्या, तर मुळात त्यांच्या अंगात काय होतं? पेशीला आधी सोसवेल इतकीच ऊब लागली, तर ती सावध होते, स्वतःच्या आत राखणदार प्रथिनं तयार करून ठेवते आणि मग मोठा चटकाही पचवते. डोळ्यांना दिसतसुद्धा नाही एवढीशी, पण तिची अक्कल बघा.

उत्तर आलं. चटक्याच्या आधी अडतीस अंश, पंचवीस मिनिटं. तिन्ही खेपांना तेच.

नागासेने आकडे पुन्हा तपासले. पेशी पंचवीस अंशांवर वाढत आणि थेट गरम पाण्यात जात. मध्येच त्या कुणीतरी तापवल्या होत्या. बाईंना सोडवायला निघालेला हा शहाणा त्यांच्याच विरुद्ध पुरावा काढून बसला होता.

लपवणं काही त्याला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन सरांकडे गेला, आणि दोघं बाईंकडे गेले. त्या बाटल्या धूत होत्या. त्यांनी हात पुसले, चष्मा नीट केला आणि कागदावरच्या तीन तारखा वाचल्या. तिन्ही दिवशी बर्फ पडत होता, हे त्यांना लगेच आठवलं. पेशी वाढायच्या खालच्या इमारतीत, गरम पाण्याचं यंत्र टेकडीवरच्या इमारतीत. एरवी पायऱ्यांनी पाच मिनिटं, पण बर्फात पायऱ्या बंद करतात आणि रस्त्याने वळसा घालावा लागतो.

“बाहेर शून्याच्या खाली होतं हो, सर. गारठतील बिचाऱ्या, म्हणून बाटली कोटाच्या आत घेतली. खिशात हात शेकायची काइरोची गरम पुडी होती ना, तिला चिकटून.” त्यांनी नागासेकडे पाहिलं. “माझ्यामुळे याची चार वर्षं फुकट गेली का?”

वळसा घालून किती वेळ लागतो, असं सरांनी विचारलं. वीस मिनिटं, त्या म्हणाल्या. मग जरा लाजून म्हणाल्या की आता गुडघे साथ देत नाहीत, पंचवीस धरा.

सरांनी कागदावरच्या पंचवीसच्या आकड्यावर बोट ठेवलं. समीकरणाला ना बर्फ ठाऊक होता, ना कोट, ना बाईंचे गुडघे. तरी त्याने मिनिटं बरोबर सांगितली होती. उरलेल्या सदतीस खेपा एकत्र केल्या तरी एवढी साक्ष देऊ शकल्या नसत्या. नागासेला एकदम भरून आलं, आणि ते त्याने लपवलंही नाही.

“ओकुमुराबाई,” सर म्हणाले. इतक्या हळू आवाजात ते कुणाशी बोललेले नागासेने कधी ऐकलं नव्हतं. “उद्या पुन्हा बर्फ आहे म्हणतात. आणखी तीन बाटल्या तशाच कोटात घेऊन याल का?”