दात घासणारी मगर

"कोणाचा विश्वास बसणार नाही शेवंते, पण तुझ्या होडीनं मगर पाहिलीय," वायरमन दाजी केळुसकर म्हणाले. "साधी नव्हे. काठावर बसून दात घासत होती!"

शेवंती हसली नाही. बी लावून तीन वर्षं वाढवलेली तिची जिवंत होडी आठवडाभर खाडीत उतरत नव्हती. पाणी लागलं की अंग चोरून मागं सरकायची. पाण्याला बुजलेली होडी कामातून गेली म्हणायची. दुपारी तिला कापून न्यायला माणसं येणार होती.

"मगरीचं भय जातं गो चार दिवसांत. त्यांना परत पाठव," दाजी घाईघाईनं म्हणाले. आठवड्यापूर्वी होडीवर बॅटरीची मोटर त्यांनीच बसवली होती. होडीनं ओळखीनं त्यांच्या गुडघ्याला टोक घासलं, तसे ते दोन पावलं दूर झाले. "ब्रश हिरवा होता," त्यांनी उगाच भर घातली.

"शेवटचं एकदा बघते," म्हणत शेवंती होडीला ओढत गुडघाभर पाण्यात शिरली. तिनं मोटर चालू केली आणि होडीच्या ओल्या कुशीवर हात ठेवला. झिणझिण्या थेट कोपरापर्यंत आल्या. होडी थरथरली.

मोटर बंद करून तिनं मोटरची काळी तार शेवटापर्यंत चाचपत नेली. ती बॅटरीकडे गेलीच नव्हती. जुन्या पत्र्याच्या होडीला जोडावी तशी ती स्क्रूनं हिच्या मांसात पिळली होती.

दाजी वाळूकडे बघत होते. "आणि बरं का, त्या मगरीला..."

"दाजी," शेवंती म्हणाली, "ती मगर तुम्हीच."