कातळावरचा मासा

सकाळचे ऊन सड्याच्या उघड्या पठारावर तिरपे, सावकाश पसरत होते आणि काळपट कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोरलेल्या रेषा एकेक उमटत होत्या. गावातल्या घरांत मुक्कामाला आलेले पाहुणे चपला काढून भोवती उभे राहिले.

ही चित्रे दाखवणाऱ्या आबांनी, रेषा उठून दिसाव्यात म्हणून, नेहमीप्रमाणे कोरीव माशात तांब्यातले पाणी ओतले.

"आजोबा, बाजूला सांडलं!" एक चिमुरडी ओरडली.

"मासाच सरकला गो, बाय!" आबा म्हणाले. सगळे हसले.

आबांच्या मुलाने, दीपेशने, त्यांचा हात हलकेच रेषेवर आणला. कालही आणला होता. आबा उन्हाने दिपतात, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

"उद्यापासून पाणी तू ओत. गोष्ट मी सांगेन," आबा पुटपुटले.

दीपेशने होकारार्थी मान हलवली.

"ओतशील ना रे?" आबांनी विचारले.

आबांना दिसेनासे झाले होते.