चष्मेवाली कोंबडी

हॉस्पिटलच्या वॉर्डात पडदे टांगून झाले, ती चार पावलं मागे सरकली आणि तिनं कपाळाला हात लावला.

सांधा कुठेच दिसत नव्हता. कापडावरच्या नक्षीकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कम्प्युटरवर चित्राचा चौकोन अर्धा सरकवून कडा मधोमध आणायच्या, अर्धवट तुटलेली पानं जुळवायची, वेल पुढच्या चौकोनात अलगद शिरली पाहिजे. हे सगळं तिनं जीव ओतून केलं होतं. हिरवी वेल, वेलीखाली पिवळी पिल्लं गाढ झोपलेली. कापडाला सुरुवात कुठली आणि शेवट कुठला, कुणी शोधून दाखवावं!

पण ती कोंबडी! चोचीच्या टोकावर घसरलेला चष्मा, खांद्यावर नॅपकिन, एक पंख वर करून 'शू' म्हणणारी. चौकोनात एकच होती. पडद्यापडद्यावर चौकोन पुन्हा पुन्हा छापला गेला आणि खिडकीपासून दारापर्यंत कोंबड्यांची एक सरळ रांग उभी राहिली. वेल गेली, पिल्लं गेली, बघावं तिकडे कोंबडी. एखादी गोष्ट जरा जरी उठून दिसली, तरी छापल्यावर तिची ओळ पडते, हे ती नवशिक्यांना पहिल्याच दिवशी सांगायची. आता स्वतःच तोंडावर आपटली होती.

"मी म्हटलं होतं," स्टुलावर उभा असलेला नवरा म्हणाला, "कोंबडी जरा जास्तच ठसठशीत झालीय."

"तू गप्प बस. पडदे काढ आधी. सिस्टर यायच्या आत."

या वॉर्डात मोठ्या सिस्टरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अपुऱ्या दिवसांची इवलीशी बाळं त्यांच्या हाताखालून मोठी होऊन घरी जायची. तिची लेकही त्यातलीच. तळहातावर मावेल एवढी आली होती. आज शाळेत बाईंना उलटं बोलते. सिस्टरांचे आभार कसे मानायचे, हे काही तिला उमगलं नव्हतं. पेढे-फुलं त्या घेत नसत. शेवटी जे हातात होतं तेच करावं म्हणून तिनं पडदे केले. आणि आता त्या उपकाराची ही अशी फेड! त्यातून, आपल्याला कोंबडी केलंय म्हटल्यावर सिस्टर काय म्हणतील, हा विचार तिला आत्ता सुचत होता.

नवऱ्यानं पहिल्या हुकाला हात घातला आणि सिस्टर आत आल्या.

त्यांनी आधी पडद्याची खालची शिवण पाहिली. मग कापड दोन बोटांत चोळलं. "उकळत्या पाण्यात रंग जाईल?"

"नाही जाणार, सिस्टर."

मग त्यांनी मान वर केली. एक कोंबडी बघितली. दुसरी बघितली. खिडकीपर्यंत नजर गेली आणि तशीच परत आली.

तिला राहवेना. "चूक झाली माझी. ही अशी ओळ पडायला नको होती. दोन मिनिटांत काढते, नवीन कापड छापून आणते." तिनं लॅपटॉप काढला आणि समोरच्या ट्रॉलीवर ठेवायला गेली.

"तिथे नाही! ती ट्रॉली आत्ता पुसलीय."

ती मुकाट्यानं खुर्चीत बसली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. कोंबडीवर बोट ठेवलं, पुसून टाकली. चौकोन सगळीकडे एकच. एक गेली तशा स्क्रीनवरच्या सगळ्याच्या सगळ्या कोंबड्या एका दमात नाहीशा झाल्या. उरली वेल आणि झोपलेली पिल्लं. ओळ गेली. काम आता अगदी निर्दोष होतं. कुणी नाव ठेवलं नसतं.

"हे बघा, आता कसं एकसारखं दिसतंय."

सिस्टर वाकून बघू लागल्या. त्यांचा चष्मा घसरत घसरत नाकाच्या टोकाशी आला.

"अगं, दिसतंय छान," त्या म्हणाल्या, "पण मग ही पिल्लं कुणाच्या भरवशावर झोपलीयत?"

तिनं एक कळ दाबली. गेलेल्या कोंबड्या होत्या तिथे परत आल्या, चष्म्यासकट.

सिस्टरांनी आपला चष्मा वर सरकवला आणि पुन्हा वॉर्डभर नजर फिरवली. "काय बाई तरी! जिथं तिथं मीच. लोक हसतील की गं."

"आम्ही इथे होतो तेव्हा जिथं तिथं तुम्हीच दिसायचात, सिस्टर. म्हणून तर आम्हाला डोळा लागायचा. तुमचे उपकार... मला बोलता येत नाही नीट."

"पुरे, पुरे. पडदे राहू देत." त्या स्टुलाकडे वळल्या. "आणि तुम्ही खाली उतरा हो, पडाल आणि मग तुम्हालाही मलाच बघावं लागेल."

तेवढ्यात अगदी टोकाच्या खाटेवरून बारीकसा, मांजरीच्या पिल्लासारखा रडण्याचा आवाज आला. सिस्टरांचं तिच्याकडचं लक्ष उडालं ते उडालंच. खांद्यावरचा नॅपकिन सावरत त्या झपाझप निघाल्या, त्या खाटेशी वाकल्या आणि मागे न बघताच, बोलू नका म्हणून, त्यांनी एक हात वर केला.

नवरा स्टुलावरून उतरता उतरता थांबला. पडद्यांकडे बघितलं, सिस्टरांकडे बघितलं.

"झाली," तो हळूच म्हणाला, "आता ओळ पूर्ण झाली."